मुलाच्या टाचेचे दुखणे: माझा अनुभव

माझा ११ वर्षांचा मुलगा खो-खोच्या सरावानंतर लंगडत घरी येऊ लागला, तेव्हा ती साधी मुरगळ समजून मी तीन आठवडे नुसते मलम चोळत राहिले, याची मला आजही हळहळ वाटते. अस्थिरोगतज्ज्ञांनी टाच दोन्ही बाजूंनी दाबताच तो कळवळला. या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या भागातील वाढीची कूर्चा, म्हणजे जिथून हाड वाढते तो मऊ थर, अजून पक्की झालेली नसते, आणि धावताना किंवा उड्या मारताना पोटरीच्या ताठर स्नायूंना हाडाशी जोडणारा दोरीसारखा कंडरा तिथेच सतत ओढ देतो, असे त्यांनी समजावले. धावणे थांबवले, बुटांत टाचेखाली मऊ गादी घातली, कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा १५ मिनिटे शेक दिला. मात्र खरा गुण आला तो भिंतीला हात टेकून रोज पोटरी ताणण्याच्या व्यायामाने. दीड महिन्याने तो मैदानावर परतला, सुरुवातीला बूट घालूनच.