कोणत्या कोंबडीची अंडी रवणात (उबवायला) घालायची?

लाल तुऱ्याची एक तलंग (तरुण कोंबडी) रोज सकाळी खुराडं डोक्यावर घ्यायची. बारा जणींत सगळ्यात जास्त अंडी हिचीच, अशी माझी पक्की समजूत. मग प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाचं कडं घातलं आणि अंडी घालायच्या खोक्याला झडप लावली. कोंबडी आत शिरली की झडप पडते. बाहेर काढायचं आपणच, रंग बघून वहीत रेघ मारायची. महिनाअखेर लाल तुरेवालीच्या रेघा ९, कोपऱ्यात गप्प बसणाऱ्या तपकिरीच्या २४!

रानकोंबडी वर्षाला १०-१५ अंडी घालते आणि त्यांवर बसते. आजची संकरित कोंबडी ३०० च्या वर देते, ती अशाच रेघांच्या जोरावर. तेव्हा आधी वही. झडप लावली की अर्ध्या-अर्ध्या तासाने बघायलाच हवं, उन्हाळ्यात तर कोंबडी आत गुदमरते. आणि एका महिन्यावर भुलू नका, वर्षभर मोजा. दिवस लहान झाले की कोण थांबते तेही कळतं.

कोंबडा निवडताना त्याच्या आईची वही बघा. तो स्वतः अंडी देत नाही, पण पिलांत अर्धा वाटा त्याचाच. सख्ख्या बहिणींवर मात्र त्याला सोडू नका. विकतच्या संकरित कोंबडीची पिल्लं वाढवून आईइतक्या अंड्यांची आशा धरू नका. मी धरली होती.

नुसता आकडा बघणंही महागात पडतं. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी पैदाशीसाठी एकेकटी कोंबडी न निवडता अख्ख्या पिंजऱ्यातल्या कोंबड्या एकत्र निवडल्या. काही पिढ्यांतच एकमेकींना टोचून मारणं खूप कमी झालं आणि अंडी वाढली. म्हणून दुसऱ्यांची पिसं उपटणारी कितीही अंडी देवो, मी तिची अंडी रवणात घालत नाही.

कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. ते बनायला २० तास, त्यातली बरीचशी रात्र. खाण्यातून पुरलं नाही तर हाडांतून जातं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, संध्याकाळी भरलेला असू द्या.

तपकिरीची ११ अंडी पुढच्या वर्षी रवणात ठेवली. ती स्वतः कधी खुडूक झालीच नाही, म्हणजे अंड्यांवर बसायला तयारच झाली नाही. २१ दिवस बसली ती लाल तुरेवाली.