न्युर्बुर्गरिंगला जायचंय? आधी वही काढा

जर्मनीत जाऊन न्युर्बुर्गरिंग या रेसट्रॅकवर गाडी चालवायची हे आमच्या सहा जणांचं ठरलं, त्या रात्री कोथरूडच्या घरी दोन तास फक्त गाड्यांवर खल चालला होता. कोणती घ्यायची, किती हॉर्सपॉवरची, टर्बो की बिनटर्बो. ज्याच्या घरी बसलो होतो त्याचे मामा आमच्यासोबत येणार होते. वय एकसष्ट, बँकेतून निवृत्त. ते इतका वेळ गप्प होते. कप खाली ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "आणि ठोकली तर पैसे कोण भरणार?" सगळे एकदम मोबाईलमध्ये बघायला लागले. आता दोनदा जाऊन आल्यावर मी सांगतो, यादीतला पहिला प्रश्न तोच. गाडी फार नंतर येते.

कारण ही जागा नीट समजून घ्या. आयफेलच्या डोंगरातला नॉर्डश्लाइफे, म्हणजे उत्तरेकडचा जुना ट्रॅक, १९२७ मध्ये सुरू झाला. लांबी २०.८३२ किलोमीटर, वळणं सत्तरच्या वर, सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालच्या जागेत सुमारे ३०० मीटरचा फरक. फॉर्म्युला वनचा चालक जॅकी स्टुअर्टने त्याला 'हिरवा नरक' म्हटलं ते उगाच नाही. १९७६ मध्ये फॉर्म्युला वनचाच निकी लाउडा इथेच जळत्या गाडीत अडकला आणि फॉर्म्युला वन या जुन्या ट्रॅकवर पुन्हा आली नाही. पण शर्यत किंवा चाचणी नसेल तेव्हा हाच ट्रॅक तिकीट काढून कुणालाही खुला असतो. अशा वेळी तो एकेरी वाहतुकीचा टोलचा रस्ता समजला जातो आणि जर्मनीचे वाहतुकीचे नियम तिथे जसेच्या तसे लागू होतात. डावीकडूनच ओव्हरटेक करायचं, वेळ मोजायची नाही, शर्यत लावायची नाही. आणि रस्ता म्हटला की नुकसान करणाऱ्याने ते भरून द्यायचं, हेही ओघाने आलंच.

तर पहिलं काम तारखेचं, आणि ते विमानाचं तिकीट काढायच्या आधी करायचं. रिंगचं अधिकृत वेळापत्रक उघडून बसा. हंगाम साधारण मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत असतो. आठवड्यातले दिवस गाड्यांच्या कंपन्या चाचण्यांना घेतात, म्हणून सर्वसामान्यांना बहुतेक वेळा संध्याकाळचे दोन-अडीच तास मिळतात. शनिवार-रविवारी वेळ जास्त, पण गर्दीही तशीच. शर्यतींचे दिवस वगळा, आणि चोवीस तासांच्या शर्यतीच्या आठवड्यात तर फिरकूच नका. ट्रॅक बंद असतो आणि पंचक्रोशीत खोली मिळत नाही. पहिल्या खेपेला आम्ही हौसेने शनिवार-रविवार धरला होता. दर थोड्या वेळाने कुणीतरी कुठेतरी आपटायचं, ट्रॅक बंद व्हायचा आणि आम्ही रांगेत बसून वेफर्स खायचो. दुसऱ्या खेपेला सोमवार ते गुरुवार धरले आणि तेवढ्याच पैशात दुप्पट गाडी चालवली. आयफेलचा पाऊस लहरी आहे. एका टोकाला ऊन असतं तेव्हा दुसऱ्या टोकाला रस्ता ओला असू शकतो. म्हणून दोन संध्याकाळी चालवायचं असेल तर चार दिवसांचा मुक्काम धरा.

कागदांचा क्रम चुकवू नका. शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट उन्हाळ्यासाठी फार आधी घ्यावी लागते. सहाही जणांच्या अर्जात प्रवासाचा आराखडा एकच असू द्या. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय कवच असलेला प्रवास विमा लागतो, तो सगळेच काढतात. त्यातलं 'मोटर स्पोर्ट्स'चं कलम मात्र कुणी वाचत नाही. विमा कंपनीला ईमेल करा, रिंगच्या सार्वजनिक फेऱ्यांत दुखापत झाली तर चालेल का हे स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी मागा. फोनवरच्या "हो सर, सगळं कव्हर आहे" याला काडीची किंमत नाही. व्हिसा हातात आला की आरटीओकडे आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज करायचा. फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स घरी ठेवून फक्त ही पुस्तिका नेणारे महाभाग मी पाहिलेत. मूळ कार्ड सोबत नसेल तर तिचा उपयोग शून्य. क्रेडिट कार्डही चालकाच्याच नावाचं हवं आणि त्याची मर्यादा डिपॉझिट अडकल्यावरही जेवणखाण चालेल इतकी हवी.

आता गाड्या. मुद्दाम अनेकवचन वापरलंय, कारण दोन वेगळ्या लागतात. विमानतळावर घेतलेली भाड्याची गाडी फ्रँकफर्ट किंवा कोलोनहून डोंगरापर्यंत न्यायची आणि तिथे पार्किंगमध्ये उभी करायची. ती ट्रॅकवर नेऊ नका. अशा गाड्यांच्या करारात रेसट्रॅकला बंदी असते, काहींत तर न्युर्बुर्गरिंगचं नाव घेऊन. ग्रुपमध्ये एक जण हमखास म्हणतो, "कुणाला कळतंय?" त्याला सांगा, काही झालं नाही तर कदाचित कळणार नाही. झालं तर विमा हात वर करतो आणि अख्ख्या गाडीची किंमत तुझ्या कार्डावर येते.

ट्रॅकसाठीची गाडी न्युर्बुर्ग गावात आणि आसपास मिळते. हाच धंदा करणाऱ्या कंपन्या तिथे आहेत. ब्रेक, टायर, सीट, पट्टे सगळं याच कामासाठी बदललेलं असतं, आणि आपटली तर तुम्ही जास्तीत जास्त किती भरायचे तो आकडा करारात असतो. तो आकडाही हजारो युरोंचा असतो, पण निदान आधी कळतो. या कंपन्यांकडे पोर्शेही मिळते आणि सुझुकी स्विफ्ट स्पोर्टही. स्विफ्ट घ्या. आपल्या सोसायटीत चार उभ्या असतात म्हणून नाक मुरडू नका. पुढच्या चाकांना ताकद देणारी, हलकी, चूक पोटात घालणारी गाडी पहिल्यांदा जाणाऱ्याला हवी असते, आणि त्या ट्रॅकवर तीही घाम फोडते. एक गंमत सांगून ठेवतो: स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे गिअर उजव्या हाताला. पहिला अर्धा तास आमच्यातला प्रत्येक जण गिअर बदलायला डावा हात नेऊन दारावर आपटत होता. हा सराव ट्रॅकवर नको, गावातल्या रस्त्यांवर करून घ्या.

आता मामांची वही. शंभर पानी, लाल कापडी पाठीची, दुकानदार हिशेबाला वापरतात तसली. मधल्या पानावर त्यांनी पट्टीने रकाने आखले होते. चालकाचं नाव, गाडी, त्याने मान्य केलेली नुकसानीची रक्कम, सही. खाली पाच ओळी. गाडीचं नुकसान, कडेच्या लोखंडी कठड्याचं नुकसान, गाडी उचलून आणणारा ट्रक, मदतीला आलेलं वाहन, ट्रॅक बंद राहिल्याचा खर्च. बिलात हे सगळं येऊ शकतं आणि कठडा मीटरवर मोजतात. प्रत्येकाने पाची ओळी मोठ्याने वाचून सही करायची. दोघांनी वाचल्या, एकमेकांकडे पाहिलं आणि "आम्ही शेजारी बसून येतो" म्हणाले. त्यांची कुणी चेष्टा केली नाही, कारण तेही वहीतच लिहिलं होतं. ज्याला चालवायचं नाही त्याला पुन्हा विचारायचं नाही. आणखी एक कलम शेजारी बसणाऱ्यासाठी होतं: तोंडातून "हाण" हा शब्द काढायचा नाही. मैत्री टिकवायची तर ही वही व्हिसाच्या फाइलपेक्षा महत्त्वाची आहे असं माझं मत आहे. हिशेब आधी बोलले की कडू लागत नाहीत.

ट्रॅकचा अभ्यास घरीच करता येतो. व्हिडिओ गेममध्ये अख्खा नॉर्डश्लाइफे आहे, महिनाभर रोज दोन फेऱ्या मारा. क्रम डोक्यात बसतो. बसत नाही तो चढ-उतार, कारण पडदा सपाट असतो. नावं पाठ करायला आम्ही जर्मन शब्दांचे मराठी अर्थ काढले. फुक्सऱ्योरे म्हणजे कोल्ह्याचं बीळ, श्वाल्बेनश्वान्त्स म्हणजे पाकोळीचं शेपूट, प्फ्लान्त्सगार्टन म्हणजे रोपवाटिका, ब्र्युन्शन म्हणजे छोटा झरा. कोल्ह्याच्या बिळाची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. झाडांमधून गाडी उतारावरून सुसाट खाली येते, तळाशी पोट खाली दाबलं जातं आणि लगेच चढ लागतो. चढ संपतो तिथे डावं-उजवं वळण आहे, आडेनाउअर फोर्स्ट. वर पोचेपर्यंत ते दिसत नाही. उताराच्या जोरात आलेले नवखे तिथे थेट गवतात जातात आणि कॅमेरेवाले त्यांची वाटच पाहत उभे असतात. "बीळ आलं की चढावरच ब्रेक" हे आमचं घोषवाक्य होतं. कारुसेल हे वळण मात्र गेममध्ये शिकून उपयोग नाही. आत उतरणाऱ्या तिरप्या काँक्रीटवर गाडी अशी खडखडते की दातावर दात आपटतात.

ताम्हिणी, वरंधा, आंबोली चालवणाऱ्याला वाटतं, घाटाची सवय आहे. थोडी कामाला येते, बरीचशी विसरावी लागते. घाटात आपलं लक्ष समोरून येणाऱ्या एसटीकडे असतं, इथे समोरून कुणीच येत नाही. सगळा धोका पाठीमागून येतो. आरशात ठिपका दिसला की पुढच्या सरळ पट्ट्यात तो तुमच्या शेजारी असतो. अशा वेळी उजव्या बाजूला राहायचं, उजवा इंडिकेटर द्यायचा आणि त्याला डावीकडून जाऊ द्यायचं. मान कमी होत नाही. हॉर्न विसरा. पिवळा झेंडा किंवा पिवळा दिवा दिसला की वेग खरंच उतरवा, पुढे कुणीतरी आडवा असतो. गाडी बंद पडली तर धोक्याचे दिवे लावून, शक्य तितकं कडेला घेऊन सगळ्यांनी कठड्यापलीकडे जाऊन फोन करायचा. गाडीत बसून राहायचं नाही. हे सहाही जणांना तोंडपाठ हवं, शेजारी बसणाऱ्यांनाही.

सामानात फारसं काही लागत नाही. पातळ तळव्याचे बूट, कारण जाड बुटात ब्रेकचा अंदाज येत नाही. एक जाकीट, कारण जूनमध्येही संध्याकाळी हुडहुडी भरते. टायरची हवा मोजायचा छोटा गेज. आणि एक रिकामी पिशवी, गाडीतल्या सगळ्या सुट्या वस्तू काढून ठेवायला. पिशवीचं महत्त्व आम्हाला ट्रॅकवर जायच्या आधीच कळलं होतं. कोब्लेन्झच्या अलीकडे हायवेवर कुणीतरी जोरात ब्रेक मारला आणि मागच्या सीटखालची स्टीलची पाण्याची बाटली गडगडत पुढे आली. ती चालकाच्या टाचेला लागून थांबली, आणखी चार बोटं गेली असती तर ब्रेकच्या पेडलखाली. तेव्हापासून चकलीचा डबासुद्धा डिकीत.

ट्रॅकवरच्या संध्याकाळी ट्रॅकच्या फाटकाजवळ, डोटिंगर ह्योहेच्या पार्किंगमध्ये तासभर आधी पोचा. तिथल्या पंपावर पेट्रोल भरा, कारण फेऱ्यांत टाकी डोळ्यांदेखत उतरते. तिकीट गाडीला असतं, माणसाला नाही. अलीकडच्या हंगामांत फेरीला साधारण ३० ते ३५ युरो, दर मात्र निघण्याआधी तपासा. फेरी संपली की बाहेर पडून पुन्हा फाटकातून आत यावं लागतं, त्यामुळे सलग अख्खी फेरी वेगात मारता येत नाही. ते बरंच आहे. पहिली फेरी शिकवणाऱ्याला शेजारी बसवून करा, पैसे वसूल होतात. एक फेरी झाली की थांबा, उतरा, पाणी प्या. थांबताना हँडब्रेक ओढू नका, तापलेल्या ब्रेकला तो चिकटतो. गाडी गिअरमध्ये ठेवा. पाऊस सुरू झाला तर त्या दिवशी चालवायचं नाही, हेही आम्ही वहीत लिहिलं होतं. दुसऱ्या खेपेला एक संध्याकाळ तशीच गेली. न्युर्बुर्गच्या पडक्या किल्ल्यावर चढलो आणि खाली झाडांत शिरणारा ओला रस्ता बघत बसलो.

राहायला हॉटेलपेक्षा आडेनाउ किंवा आसपासच्या गावात अख्खं घर भाड्याने घ्या. सहा जणांत स्वस्त पडतं आणि सकाळी पोहे करता येतात. साफसफाई आणि चादरींचे पैसे वेगळे आहेत का ते बुकिंगच्या वेळीच बघा. रविवारी दुकानं बंद असतात. दूध, ब्रेड, कांदे शनिवारीच आणा. शाकाहारी मंडळींनी गावातल्या हॉटेलांवर भिस्त ठेवू नये. मांसाहारींनी एक संध्याकाळ न्युर्बुर्गच्या पिस्टनक्लाउजेत जरूर घालवावी, तिथे गरम दगडावर मांस आपणच भाजायचं असतं. ज्या हॉटेलाच्या तळघरात ते आहे, तिथेच रेसर जाबिने श्मित्स लहानाची मोठी झाली. चोवीस तासांची शर्यत तिने १९९६ आणि १९९७ अशी दोनदा जिंकली. २०२१ मध्ये ती गेल्यावर ट्रॅकच्या पहिल्या वळणाला तिचं नाव दिलं. मामांनी तिथल्या भिंतीवरचे सगळे फोटो चष्मा कपाळावर चढवून एकेक करून पाहिले.

गाडी परत करताना घाई करू नका. चारही टायर, चारही रिम आणि बंपरच्या खालची कड यांचे फोटो घेताना काढले होते, तसेच देतानाही काढा आणि कागदावर सही घेऊनच निघा. डिपॉझिट कार्डावर परत यायला दिवस लागतात, तोवर वही बंद करायची नाही.