फॉग लॅम्पची वायर केबिनमध्ये आणताना

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला, म्हणजे फायरवॉलला, नवीन भोक पाडू नका. पलीकडे काय आहे ते दिसत नाही आणि उघडा पडलेला पत्रा गंजतो. कंपनीचा वायरिंगचा मोठा जुडगा जिथून आत येतो, तिथे रबरी ग्रॉमेट, म्हणजे भोकात बसवलेली रबरी कडी, असतोच. त्याच्या मोकळ्या कडेला, मूळ वायरींपासून दूर, छोटी चीर द्या. हँगरची तार सरळ करून टोक वाकवून बोथट करा, त्यावर नवी वायर टेपने घट्ट गुंडाळा, साबणाचं पाणी लावा आणि हळूहळू सरकवा. जोर लावावा लागला तर थांबा. तार कुठेतरी अडली आहे.

रिले, म्हणजे स्विचच्या छोट्या करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारा भाग, इंजिनच्या बाजूलाच बसवा. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टला सुमारे ९ अँपिअर ओढतात; तो भार आत आणायचा कशाला? आत फक्त स्विचची बारीक वायर येते. १५ अँपिअरचा फ्यूज मात्र बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला कसलंच संरक्षण नसतं.

बाहेरच्या बाजूला, ग्रॉमेटच्या आधी वायरला खाली झोळ द्या. पावसाचं पाणी तिथूनच ठिबकतं, आत शिरत नाही. चीर सिलिकॉनने बुजवा. आत वायर पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब बांधा. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हात लावू नका.