बाळाचं नाव पक्कं करण्याआधी

बारशाच्या आदल्या रात्री आत्या नेटवरची यादी उघडून बसते आणि तिथे 'देवाची कृपा' किंवा 'सूर्याचा पहिला किरण' हा अर्थ वाटेल त्या नावाला चिकटवलेला असतो. त्यावर जाऊ नका. नाव संस्कृत असेल तर आपट्यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात, मराठी असेल तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात बघा. दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात. दोन्हीकडे शब्द नसेल तर संस्कृत जाणणाऱ्या कुणाला तरी विचारा.

मग नाव पूर्ण लिहून मोठ्याने वाचा. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव येतं. एकटं गोड वाटणारं पाच अक्षरी नाव या ओळीत जिभेला जड होतं. (शिवाय हाक शेवटी 'पिंट्या' अशीच जाणार.)

इंग्रजी स्पेलिंग घरात एकदाच ठरवा. ऋतुजा, मृण्मयी अशा नावांत 'आर'नंतर 'आय' की 'यू', हा घोळ दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरा झाला की निस्तरताना नाकी नऊ येतात.

आणि घाई कशाला? जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. पुढे 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. पत्रिकेतलं आद्याक्षर जुळत नसेल तर त्या अक्षराचं नाव पाळण्यात सांगा, दाखल्यावर आवडीचं घाला. कित्येक घरांत असंच चालतं.