बल्गेरियात मान हलवण्याआधी थांबा

राजधानी सोफियात सकाळी बेकरीच्या खिडकीतून गरम बानित्सा, म्हणजे भाजलेली पापुद्र्यांची पेस्ट्री घ्या. पापुद्र्यांच्या आत सिरेने, म्हणजे खारट पांढरं चीज. पहिल्याच घासाला चुरा शर्टभर सांडतो. आत अंडंही असतं, हे कट्टर शाकाहारींनी लक्षात ठेवावं. सोबत स्थानिक लोक बोझा पितात. ही धान्य आंबवून केलेली दाट, गोड-आंबट पेज सगळ्यांनाच झेपते असं नाही. नको वाटली तर आयरान मागा, ते आपलं ताकच.

उन्हाळ्यात तारातोर चुकवू नका. दही, काकडी, लसूण, शेपू, अक्रोड असं हे थंडगार सूप म्हणजे पातळ केलेली कोशिंबीरच म्हणा ना! दह्याचा त्यांना अभिमान आहे आणि तो रास्त आहे: त्यातला जिवाणू १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन संशोधकानेच शोधला.

राकिया, म्हणजे फळांपासून केलेली दारू, साधारण ४० टक्के अल्कोहोलची. ती जेवणाआधी शोप्स्का सॅलडबरोबर घोटघोट घेतात, एका दमात नाही.

आणि वेटरने 'आणखी?' विचारल्यावर मान डोलावू नका. तिथे होकार-नकाराच्या खुणा बहुधा उलट्या असतात. तोंडाने 'दा' (हो) किंवा 'ने' (नाही) म्हणा. मांस नको असेल तर 'बेझ मेसो'.