लाइमनंतर छाती आणि गाठी दुखतायत? या चुका टाळा

न्यू जर्सीत हंटरडन, ससेक्सकडच्या मराठी घरांना लाइम, म्हणजे गोचीड चावून होणारा जंतुसंसर्ग, आता नवा नाही. अंगणातलं गवत कापताना, मुलांबरोबर ट्रेलवर हिंडताना खसखशीएवढी गोचीड कधी चिकटली ते कळतही नाही. औषधांचा कोर्स संपतो, पण काही जणांच्या बरगड्या, मान, काखा महिनोन् महिने दुखत राहतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात. त्यांचं दुखणं खरं असतं, त्यावर मी वाद घालत नाही. पण ते लवकर घालवायच्या घाईत त्याच त्या चुका होताना पाहून जीव तुटतो.

ईसीजीआधीच शेक

"लाइमचंच असेल" या वाक्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. लाइमचा जंतू हृदयापर्यंत पोचला, तर ठोक्यांचा संदेश वाहणाऱ्या वाटेवर सूज येते. अमेरिकेत नोंद होणाऱ्या शंभर रुग्णांत साधारण एकाला हे होतं. प्रमाण कमी आहे, पण अशा हृदयाची गती फार झपाट्याने बिघडू शकते. छातीत दुखण्याबरोबर चक्कर, धाप, धडधड किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल तर सरळ 911 ला फोन करा. लाइम झालेल्याला साधा हार्ट अटॅकही येऊ शकतो, हे लोक विसरतात. "दाबलं की दुखतं, म्हणजे बरगडीचंच" हा निष्कर्षही घरी काढू नका. छातीचं दुखणं नवीन असेल तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मी हात लावत नाही. कुणी कितीही गळ घातली तरी नाही.

हृदय ठीक निघालं, तर बरेचदा बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला जिथे जुळतात तिथली कूर्चा दुखत असते. तिथे ऊबदार टॉवेल ठेवा, खोकताना-शिंकताना उशी छातीशी घट्ट धरा, वरच्या फडताळातले जड डबे काही दिवस दुसऱ्याला काढू द्या. पण एकाच बाजूने पट्ट्यासारखी आग होत असेल आणि रात्री ती वाढत असेल, तर शेकत बसू नका. ते नसेचं दुखणं असू शकतं, डॉक्टरांकडे परत जा.

घोटभर पाण्यात डॉक्सिसायक्लिन

डॉक्सिसायक्लिन हे लाइमवरचं नेहमीचं अँटिबायोटिक. ते घोटभर पाण्यात घेण्याची चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता प्रत्येकाला आधी हेच विचारते: गोळी कशी घेता? लेकीकडे राहायला आलेले एक काका रात्री पलंगावर टेकता टेकता, उशाच्या पाण्यातला एक घोट घेऊन कॅप्सूल गिळायचे आणि लगेच आडवे व्हायचे. चार-पाच दिवसांत छातीच्या मधोमध आग सुरू झाली, वरणभातही गिळवेना. घरच्यांनी कुठेतरी वाचलं होतं की जंतू मरताना त्रास होतो, म्हणून ते औषध लागू पडल्याच्या आनंदात राहिले. तसा त्रास होतो हे खरं, पण तो उपचाराच्या पहिल्या दिवसभरात थंडी-तापासारखा येतो आणि ओसरतो. काकांना शेवटी इमर्जन्सीत न्यावं लागलं. हृदय उत्तम होतं, अन्ननलिकेला मात्र जखम झाली होती. कॅप्सूल तिथेच अडकून विरघळत होती. एवढे दिवस त्या माणसाने विनाकारण सोसलं.

म्हणून मी गोळ्यांची बाटली उशाशी ठेवूच देत नाही, ती जेवणाच्या टेबलावर ठेवायला लावते. गोळी बसून, पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मी तर तासभर सांगते. लोह, कॅल्शियम, अँटासिड त्याच वेळी घेऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही. आणि गिळताना दुखायला लागलं तर गोळी मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

अवधाण चोळणं

काखेत अवधाण (सुजलेली गाठ) आलं की तेल लावून रगडायचं, ही सवय आपण गावाहून सोबत आणली आहे. कृपा करून सोडा. दुखरी गाठ रगडून आणखी दुखते. लिम्फच्या, म्हणजे पेशींभोवतालचं पाणी वाहून नेणाऱ्या, बारीक वाहिन्या त्वचेच्या अगदी खाली असतात, जोर दिला की त्या दबतात. त्याऐवजी अगदी हलका मसाज करा. हात कोरडा हवा, कारण हात त्वचेवरून घसरायचा नाही, त्वचेला हळूच सोबत न्यायचं असतं. आधी पोट फुगेल असे चार-पाच संथ श्वास घ्या. छातीतली लिम्फची मोठी नळी श्वासाच्या हालचालीनेही रिकामी होते. मग गळ्याच्या हाडावरच्या खळगीत बोटं सपाट ठेवून त्वचा जेमतेम ताणेल इतकंच हलवा. गाठीला हात लावूच नका. पेशंट म्हणतात, "एवढ्याने काय होणार?" पहिल्या दिवशी फारसं होतही नाही. ज्यांना दोन दिवसांत गुण हवा असतो तेच परत जोर लावतात आणि परत सुजून येतात.

ताप, लाल गरम त्वचा, पायात रक्ताची गुठळी किंवा हृदयाचा आजार असेल तर हे करू नका. गाठ कडक असेल, हलत नसेल, गळ्याच्या हाडावर असेल किंवा काही आठवड्यांत उतरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि या मसाजने लाइमचं "विष" बाहेर पडतं असं सांगून महागडी पॅकेजं विकणाऱ्यांना दारात उभं करू नका.

बाकीच्या चुका

बरं वाटलेल्या एका दिवशी सगळं घर आवरून काढणं. पुढचे तीन दिवस पलंगावर जातात.

बरे झालो का पाहायला अँटीबॉडीची (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांची) तपासणी पुन्हापुन्हा करणं. अँटीबॉडी वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात.

शिरेतून महिनोन् महिने अँटिबायोटिक घेणं. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत 90 दिवसांच्या उपचारानेही खोट्या औषधापेक्षा जास्त गुण आला नाही, आणि शिरेतल्या नळीच्या संसर्गाने माणसं दगावली आहेत.

रात्री घामाने कपडे भिजणं आणि जिना चढताना धाप लागणं लाइमच्या खात्यात टाकणं. तीच गोचीड बबेसियाही देते. तो लाल पेशींत राहणारा परजीवी आहे, डॉक्सिसायक्लिनने जात नाही. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते, ती डॉक्टरांकडे स्वतःहून मागा.