झिरोला जोडीने जाताना: परमिट, सुमो, चिखल आणि भांडणं

सप्टेंबर संपत आला की अरुणाचलमध्ये झिरो व्हॅलीत म्युझिक फेस्टिव्हल असतो, गुरुवार ते रविवार, आणि दरवर्षी ओळखीतलं कुणीतरी विचारतंच की आम्ही दोघं जातोय, काय काय करू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. 2012 ला सुरू झाला हा फेस्टिव्हल, बॉबी हानो म्हणून झिरोचाच माणूस आणि दिल्लीच्या मेनव्होपॉज बँडचा अनुप कुट्टी या दोघांनी मिळून सुरू केला, मधे कोविडची दोन वर्षं झाला नाही, 2022 पासून परत चालू. शिलाँगचे लू माजॉ इथे गायलेत, सॉनिक यूथ या अमेरिकन रॉक बँडचा ली रानाल्डो येऊन गेलाय, पण बाकी लाइनअप बघाल तर निम्म्याहून जास्त नावं तुम्ही ऐकलेली नसणार, ईशान्येतले छोटे छोटे बँड, आणि खरी मजा त्यांचीच असते.

आता मुद्दा असा की जोडीने जाताना बहुतेक वेळा दोघांपैकी एकालाच म्युझिकचं वेड असतं, दुसरा किंवा दुसरी "डोंगर आहेत ना, चल" म्हणून आलेली असते. आमच्याकडे वेड माझं, आणि नवऱ्याला बँडचं नाव विचारलं तर तो जेवण काय आहे विचारतो. तर सगळा प्लॅन त्या दुसऱ्या माणसाच्या हिशोबाने करा. वेडा माणूस चिखलात उभा राहून उपाशीपोटीही खूश असतो, त्याची काळजी करू नका. दुसऱ्याची झोप, जेवण आणि कोरडे मोजे एवढं सांभाळलंत की चार दिवस सुखात जातात.

सगळ्यात आधी परमिट. अरुणाचलला जायला आपल्यालाही इनर लाइन परमिट लागतं, आयएलपी म्हणतात, ऑनलाइन निघतं, आयडी आणि फोटो अपलोड करायचा. नवराबायको असलात तरी दोघांचं नाव परमिटवर हवंच, "एकाचं काढलं की झालं" असं समजून येणारे महाभाग असतात. अर्जात जिल्हा विचारला तर झिरो लोअर सुबनसिरीमध्ये येतं. जो आयडी अर्जात दिलाय तोच ओरिजिनल सोबत ठेवा, आणि परमिटचे दोन-दोन प्रिंट काढा, कारण नाहरलगुन स्टेशनवर उतरलात की बाहेर पडतानाच चेकिंग असतं आणि पहाटे पहाटे फोनची बॅटरी मेलेली असते. होमस्टे बुक करतानाही दोघांची नावं आणि आयडी आधीच पाठवून द्या, लग्न झालेलं नसेल तर जास्तच, म्हणजे दारात उभं राहून प्रश्नोत्तरं नकोत.

तारखांचा एक घोळ आपल्याकडे दरवर्षी होतो. सप्टेंबरचा शेवट म्हणजे गणपती, पितृपक्ष नाहीतर नवरात्र, यातलं काहीतरी आडवं येतंच. 2023 ला तर फेस्टिव्हल सुरू झाला तो नेमका अनंत चतुर्दशीला, 2025 ला नवरात्रात. घरी काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण तारखा जाहीर झाल्या त्याच दिवशी रजा टाका आणि तिकिटं काढा, नंतर फ्लाइट महाग होतात आणि चांगले होमस्टे संपलेले असतात. पास वेगळा, राहायचं वेगळं, हेही लक्षात असू द्या, पास काढला म्हणजे तंबू मिळाला असं नाही.

पोचायचं कसं. मुंबईहून गुवाहाटीला थेट फ्लाइट आहेत. गुवाहाटीहून रात्रीची दोन्यी पोलो एक्स्प्रेस पकडायची, ती पहाटे नाहरलगुनला सोडते, तिथून शेअर सुमो, साधारण शंभर किलोमीटर, पण ते आपले शंभर किलोमीटर नाहीत, चार तास धरा, पाऊस असेल तर किती तास ते रस्त्यालाच माहीत. ट्रेनची तिकिटं फेस्टिव्हलच्या आठवड्यात लगेच संपतात. दुसरा मार्ग म्हणजे इटानगरजवळ होलोंगीला 2022 च्या नोव्हेंबरमध्ये नवीन विमानतळ झालाय, कोलकात्याहून वगैरे तिथे उतरता येतं आणि रात्रीची ट्रेन वाचते. ज्यांना खरंच फक्त वीकेंडच जमतोय त्यांनी हाच मार्ग घ्यावा, शुक्रवारी दुपारच्या आत उतरायचं आणि उजेडात जेवढं अंतर काटता येईल तेवढं काटायचं.

उजेडाचं मुद्दाम सांगते कारण आपल्या लोकांना हे लक्षातच येत नाही. तिकडे सप्टेंबरअखेर संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. आपल्याकडे चहाची वेळ असते तेव्हा तिकडे अंधार, आणि पहाटे पाचला लख्ख उजाडलेलं. त्यामुळे "दुपारी निघू आरामात" हे चालत नाही, सुमोसुद्धा सकाळीच सुटतात. आणि घाटात अंधारात गाडी अडकली, दरड आलीये, पुढचे उतरून बघतायत, अशा वेळी मागच्या सीटवर बसून ज्या काही चर्चा होतात नवराबायकोत त्या टाळलेल्या बऱ्या.

सुमोत मधल्या रांगेतल्या सीट मागा, मागच्या आडव्या सीटवर गाडी लागणाऱ्या माणसाला बसवलंत तर नातं तिथेच संपलं समजा. अव्होमिन निघायच्या एक-दोन तास आधी घ्यायची, गाडी लागायला लागल्यावर नाही. लिमलेटच्या गोळ्या, एक-दोन प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी, बॅगेत तळाला नाही. वाटेत बाथरूमची सोय नावापुरती, बायकांनी जिथे गाडी थांबेल तिथे जाऊनच यावं, पुढे चांगलं मिळेल ही आशा ठेवू नये. पाळीची तारीख आसपास असेल तर पॅड वगैरे सगळं घरूनच न्या आणि वापरलेलं परत आणायला वेगळी झिपची पिशवी, फेस्टिव्हलच्या टॉयलेटवर कुठली सोय असेल यावर विसंबू नका.

आता तंबू की होमस्टे. लोक तंबूचे फोटो बघून हुरळतात, आणि तंबूचा फायदा आहेच, रात्री शो संपला की चालत पाच-दहा मिनिटात अंथरुणात. पण ही भातशेतीची व्हॅली आहे, पावसाळा पुरता सरलेला नसतो, जमीन ओली, शेजारच्या तंबूत गिटारवाला एक असतोच आणि तो पहाटे तीनला सुरू होतो. माझं मत विचाराल तर जोडीने पहिल्यांदा जाणाऱ्यांनी होमस्टेच घ्यावा. आपातानी म्हणजे झिरोचे मूळचे लोक, त्यांच्या घरात स्वयंपाकघराच्या मधोमध चूल असते, तिच्याभोवती बसून जेवतात, मोजे वाळतात, गप्पा होतात, बादलीभर गरम पाणी मिळतं. हिंदी सगळ्यांना येते, आपली मराठी वळणाची हिंदी पण आरामात खपते. होमस्टेची एकच अडचण, रात्री परत यायचं कसं. हे पहिल्याच दिवशी होमस्टेच्या मालकांशी बोलून ठरवून टाका, कोण गाडी पाठवणार, किती वाजता, किती पैसे. रात्री गेटबाहेर उभं राहून टॅक्सी शोधू म्हणाल तर तुमच्यासारखे दोनशे लोक तेच करत असतात, थंडीत.

तंबूच घ्यायचा असेल तर उंचवट्यावरचा मागा, खाली घालायला एक जाड प्लास्टिकचं कापड न्या, कानात घालायचे बोळे दोघांसाठी, आणि कोरड्या कपड्यांचा एक सेट प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा जो काहीही झालं तरी झोपतानाच घालायचा.

थंडी फार नसते पण रात्री गारठा असतो, झिरो दीड हजार मीटरच्या वर आहे. एक फ्लीस, एक रेनकोट, कानटोपी. छत्री नको, मागच्यांना काही दिसत नाही आणि लोक ओरडतात. आणि गमबूट. हो, ते शेतकरी घालतात तेच. महागाचे ट्रेकिंग शूज घालून येतात लोक आणि पहिल्याच दिवशी संध्याकाळी त्या शूजचं वजन दुप्पट झालेलं असतं. गमबूट हापोलीच्या बाजारात मिळतात, हापोली म्हणजे झिरोचं मोठं गाव, बाजार, एटीएम सगळं तिथेच. पोचल्या पोचल्या आधी तिकडे जाऊन दोघांच्या मापाचे घ्या, उशिरा गेलात तर मोठी मापं संपलेली असतात. कॅश मात्र गुवाहाटीतूनच न्या, गर्दीच्या दिवसात एटीएमचा भरवसा नाही आणि नेटवर्क गेलं की यूपीआय पण गेलं. आणि सगळी कॅश एकाच्याच खिशात ठेवू नका, कारण तुम्ही हरवणार आहात.

म्हणजे एकमेकांना हरवणार आहात, नक्की. ग्राउंडवर गर्दी झाली की फोन लागत नाही. त्यामुळे आत गेल्यावर पहिलं काम, भेटायची जागा ठरवणं, स्टेजसमोर नाही, तिथे सगळेच असतात, साउंड कन्सोलची एक बाजू किंवा एखादा ठरावीक जेवणाचा स्टॉल, आणि वेळ पण ठरवायची, दर दोन तासांनी वगैरे. ही पद्धत फक्त हरवण्यासाठी नाही बरं का, वेगळं होण्यासाठी पण आहे. दोन स्टेज असतात, दिवसाचा दान्यी आणि रात्रीचा पीलो, म्हणजे सूर्य आणि चंद्र, दोन्ही बांबूचे, तिथल्याच लोकांनी बांधलेले, आणि दुपारभर एकामागून एक बँड चालू. सगळं दोघांनी मिळूनच बघायचं असा हट्ट धरला की तिसऱ्या बँडला एक जण जांभया देतो, दुसऱ्याला ते दिसतं, आणि मग "तुला यायचंच नव्हतं" इथपासून सुरू होतं. त्यापेक्षा दुपारी ज्याला गावात फिरायचंय त्याने फिरावं, ज्याला बँड ऐकायचेत त्याने ऐकावेत, अंधार पडायच्या आत ठरलेल्या जागी भेटून आधी जेवावं आणि रात्रीचा स्टेज मात्र एकत्र बघावा. आदल्या रात्री वेळापत्रक बघून प्रत्येकाने आपले दोन-दोन बँड सांगायचे ज्यांना दुसऱ्याने न कुरकुरता यायचं, बाकी मोकळं. नवऱ्याने एकदा पोस्टरवर हात ठेवून जो निवडला तो बँड त्या वर्षीचा सगळ्यात भारी निघाला, हे तो अजून ऐकवतो.

गावात फिरणाऱ्याला काही कमी नाही. हॉंग, हारी, हिजा अशी गावं जवळजवळ आहेत, आणि या दिवसात भात पिकत आलेला असतो, सगळी व्हॅली पिवळी. आपातानी लोक भाताच्या खाचरातच मासे पाळतात, बांध फार काळजीने राखलेले असतात, तर फोटोसाठी शेतात उतरू नका, बांधावरून एका रांगेत चाला आणि कुणी शेतकरी समोरून आला तर बाजूला व्हा. म्हाताऱ्या बायकांच्या नाकात मोठ्या चकत्या आणि चेहऱ्यावर गोंदण दिसेल, पुढच्या पिढ्यांनी हे करणं बंद केलंय. त्यांचे फोटो न विचारता काढू नका. विचारा, बसा, चहा घ्या, नाही म्हणाल्या तर नाही. आपल्या आजीच्या तोंडासमोर कुणी लेन्स धरली असती तर काय झालं असतं तेवढं आठवा.

खाण्याचं. मांसाहारी असाल तर मजाच मजा, धुरावर वाळवलेलं पोर्क, बांबूच्या नळीत शिजवलेलं चिकन, पिके पिला म्हणून बांबू कोंब घातलेला एक प्रकार असतो तो होमस्टेत सांगून करून घ्या, स्टॉलपेक्षा घरचा चांगला. शाकाहारी असाल तर भात, डाळ, उकडलेल्या पालेभाज्या, मॅगी, व्हेज मोमो यावर निभावतं, पण मेथकूट, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा न्याच, गरम भातावर मेथकूट आणि तूप घातलं की रुसलेला माणूस निम्मा तरी मऊ होतो. नवरात्राचे उपास असतील तर राजगिऱ्याचे लाडू घरून, तिथे साबुदाणा शोधत फिरू नका.

पिण्याचं थोडक्यात सांगते. अपॉंग म्हणजे तांदळाची बिअर, गोडसर लागते म्हणून पोरं पाण्यासारखी पितात आणि मुख्य बँड यायच्या आत गवतावर आडवी झालेली असतात. झिरोची किवी वाइन पण चांगली आहे, नारा आबा नावाने मिळते, हॉंगमध्ये बनते, एक बाटली घरी आणायला हरकत नाही, फक्त ती चेक-इन बॅगेत नीट गुंडाळून. दोघांपैकी एकाने रोज शुद्धीत राहायचं, आळीपाळीने, कारण अंधारात चिखलातून गाडीपर्यंत कुणीतरी टॉर्च धरायला लागतो. हेडटॉर्च दोन न्या, एक नाही. प्लास्टिकच्या बाटल्या नकोत, आपली बाटली न्या आणि भरून घ्या, कचरा खिशात ठेवून डब्यापर्यंत नेणं इथे सगळेच करतात, तुम्हीही करा.

परतीचं प्लॅनिंग जाण्याआधीच करायचं. सोमवारी सकाळी सगळी व्हॅली एकाच वेळी खाली उतरायला बघते, त्यामुळे हापोलीत गमबूट घ्यायला जाल तेव्हाच सोमवारच्या सुमोच्या दोन सीट पैसे भरून घेऊन ठेवा. सोमवारची फ्लाइट अजिबात काढू नका. सोमवारी खाली उतरायचं, रात्रीची ट्रेन, मंगळवारी सकाळी गुवाहाटी, आणि फ्लाइट दुपारनंतरची, म्हणजे रस्ता बंद झाला किंवा ट्रेन लेट झाली तरी हातात वेळ असतो. बुधवारी ऑफिस. गमबूट धुऊन होमस्टेतच सोडून या, त्यांना शेतात उपयोगी पडतात आणि केबिन बॅगेत ते मावतही नाहीत.